वेग ठरवायचा कुणी?

अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून मोंटाना हे राज्य आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठे, पण 1995 साली तिथली लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. कुरणे, डोंगर आणि मैलोन् मैल मोकळे रस्ते. तेलटंचाईमुळे 1974 मध्ये साऱ्या अमेरिकेवर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची वेगमर्यादा आली. मोंटानाने ती नाइलाजाने पाळली. दिवसा ती मोडणाऱ्याला पाच डॉलर दंड व्हायचा, आणि तोही वेगासाठी नव्हे, टंचाईच्या काळात इंधन वाया घालवल्याबद्दल. केंद्राचे बंधन 1995च्या अखेरीस उठले, तेव्हा मोंटाना आपल्या जुन्या कायद्याकडे परतला. त्या कायद्यात मोटारींसाठी दिवसा कुठलाही आकडा नव्हता. रहदारी, गाडीचे ब्रेक, वजन, रस्त्याची रुंदी, चढउतार, पृष्ठभाग आणि समोर कुठवर दिसते हे पाहून चालकाने वाजवी आणि सावध वेगाने जावे, एवढेच त्यात म्हटले होते.

'कायदे कमी करा, माणसाच्या जबाबदारीवर विश्वास ठेवा' असे म्हणणाऱ्यांना याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती. रस्ते मोकळे, माणसे तुरळक, आणि सरकारने सांगितले की तुमचे तुम्ही ठरवा.

मार्च 1996 मध्ये एका चालकाला तिथल्या पोलिसाने अडवले. वेग होता ताशी 85 मैल, म्हणजे सुमारे 137 किलोमीटर. हवा स्वच्छ होती, रहदारी नसल्यासारखी होती. पण रस्ता अरुंद, कडेला मोकळी पट्टी नाही, मध्ये चढ आणि वळणे. या रस्त्याला हा वेग अवाजवी आहे, असे पोलिसाचे मत पडले. चालकाचे म्हणणे उलट होते. गाडी नवी, ब्रेक आणि टायर उत्तम, आपला वेग परिस्थितीला धरूनच होता. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे साधा प्रश्न निघाला: 85 जास्त होता, तर मग योग्य वेग किती? पोलिसाने तो सांगितलेला नव्हता, आणि राज्याची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलालाही नेमके उत्तर देता आले नाही. 23 डिसेंबर 1998 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. नागरिकाला आपण गुन्हा करत आहोत की नाही हे आधी कळलेच पाहिजे, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या मतावर गुन्हा ठरता कामा नये, हे त्यामागचे कारण. पुढचे काही महिने मोंटानात दिवसा वेगाचे बंधन उरले नाही. 28 मे 1999 पासून मात्र मोठ्या महामार्गांवर ताशी 75 मैलांच्या पाट्या लागल्या.

या निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा असा आहे. आकडा नसलेला कायदा दिसायला उदार असतो, पण व्यवहारात तो सगळा अधिकार अडवणाऱ्याच्या हाती देतो. आपल्याकडे चौकात बाजूला घेतलेल्या दुचाकीस्वाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नियम जितका धूसर, तितकी घासाघीस जास्त आणि पावती फाडायची की नाही ते समोरच्याच्या मर्जीवर. पाटीवरचा आकडा चालकाला बांधतो तसा पोलिसालाही बांधतो. व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यांनी खरे तर त्या आकड्याच्या बाजूने उभे राहायला हवे.

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. नियमांनी माणूस डोके चालवणे सोडतो, ही तक्रार खरी आहे. सिग्नल हिरवा झाला की आपण समोर कोण आहे हे न बघता गाडी पुढे काढतो, कारण दिवा आपल्या बाजूने असतो. रात्री दोन वाजता मोकळ्या चौकात लाल दिव्यासमोर थांबलेल्याला त्या थांबण्यात अर्थ दिसत नाही. दंड सुरक्षेसाठी आहे की तिजोरीसाठी, असा संशयही लोकांच्या मनात असतो आणि तो नेहमी निराधार नसतो.

ही तक्रार सर्वांत गंभीरपणे घेतली ती नेदरलँड्सच्या हान्स मॉन्डरमान या वाहतूक अभियंत्याने. 1945चा जन्म, 2008 मध्ये निधन, आणि कामाचा मुलूख फ्रीसलँड हा उत्तरेकडचा प्रांत. 1980च्या दशकात त्याने औडेहास्के या खेड्यात पाट्या आणि गतिरोधक वाढवण्याऐवजी रस्त्याचे रूपच पालटले. डांबरी मार्गाचा भाव जाऊन तिथे गावातल्या फरसबंदीचा भाव आला, आणि वेग उतरला. पुढे ड्राख्टेन शहरातल्या लावेइप्लेन या चौकातले सिग्नल त्याने काढून टाकले. त्या चौकातून दिवसाला सुमारे 22 हजार वाहने जात. नवा चौक झाल्यावर खोळंबा कमी झाला आणि अपघातही घटले. पाहुणे आले की मॉन्डरमान पाठमोरा होऊन चालत त्या रहदारीत शिरे, आणि गाड्या त्याच्यासाठी थांबत. लोकांना गोंधळलेले ठेवा, म्हणजे ते एकमेकांच्या डोळ्यांत पाहतील, असा त्याचा विचार होता.

कायदा हटवा म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात. पण लावेइप्लेनमध्ये फक्त दिवे गेले, कायदा होता तिथेच राहिला. चौकाची रचनाच अशी केली की मोटार जोरात नेणे शक्य होऊ नये. डच कायद्यानुसार मोटारीची धडक सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला बसली, तर भरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर असतो. सायकलस्वार प्रौढ असेल आणि चूक त्याची असेल, तरी सहसा निम्मा भार मोटारवाल्याकडे राहतो. चौदा वर्षांखालील मूल असेल तर जवळपास सगळाच. असा कायदा पाठीशी असल्यावर चालक समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारच. शिवाय मॉन्डरमानने आपली कल्पना महामार्गांसाठी कधीच मांडली नव्हती. गावातली, चौकातली सार्वजनिक जागा निराळी आणि वेगाने जाण्याची जागा निराळी, हा भेद त्याच्या विचाराचा पाया होता.

आणि ज्याला डोळ्यांत पाहता येत नाही त्याचे काय? ब्रिटनमध्ये अशा सामायिक रस्त्यांची लाट आली, तेव्हा अंध नागरिकांनी हाच प्रश्न विचारला. पदपथाची कड आणि सिग्नलचा आवाज हे त्यांचे आधार काढून घेतले गेले होते. अखेर 2018 मध्ये ब्रिटिश सरकारने अशा नव्या योजना थांबवायला सांगितल्या.

आपल्याकडे वीज गेली आणि चौकातला सिग्नल बंद पडला की हाच प्रयोग आपोआप होतो. पहिला काही वेळ सगळे दबकत पुढे सरकतात. मग बस नाक घालते, तिच्या आडोशाने चार रिक्षा निघतात, दुचाक्या मिळेल त्या फटीतून कट मारतात. काही मिनिटांत चौक मोठ्या आणि निर्ढावलेल्या वाहनांचा होतो. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आजी कडेलाच थांबलेल्या असतात. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही असे नाही. पाहतात, पण थांबत नाहीत, कारण थांबले नाही म्हणून काही होणार नसते. ड्राख्टेन आणि आपला बंद सिग्नल यांत फरक पडतो तो इथे.

माणूस अनिश्चिततेत सावध होतो हे खरे, पण ती सावधगिरी टिकत नाही. स्वीडनने 3 सप्टेंबर 1967 रोजी एका रात्रीत सगळी वाहतूक रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे नेली. सारा देश धास्तावून गाडी चालवत होता, आणि अपघात कमी झाले. मग लोकांच्या अंगवळणी पडले, आणि दोनेक वर्षांत आकडे पूर्वपदावर आले. जबाबदारीची जाणीव तेवढीच ठेवून माणूस धोक्याला सरावला, इतकेच घडले.

आता वेगाकडे वळू, कारण जबाबदारीची भाषा सर्वांत जास्त फसवी ठरते ती इथे. शहरातला सरळ, कोरडा रस्ता. एकाच जागी दोन मोटारी शेजारी शेजारी आहेत. एकीचा वेग ताशी 50 किलोमीटर, दुसरीचा 60. अठ्ठावीस मीटर पुढे एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर येते. दोन्ही चालक तितकेच तत्पर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोघांनाही एक सेकंद लागतो. त्या सेकंदात पहिली मोटार चौदा मीटर पुढे जाते, दुसरी जवळपास सतरा. मग दोघेही करकचून ब्रेक दाबतात. पहिली आणखी चौदा मीटरांत, मुलाला जेमतेम न लागता थांबते. दुसरी थांबत नाही. त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी 40 किलोमीटर असतो, आणि त्या वेगाने ती मुलावर आदळते.

फरक फक्त दहाचा होता. पहिली जिथे पूर्ण थांबली तिथे दुसरी दहाच्या वेगाने असेल असे आपले मन सांगते, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि मनाला वर्ग करता येत नाही. स्टिअरिंगमागे बसून 50 आणि 60 यांत काही वेगळे जाणवतही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो. पाटीवरचा आकडा म्हणजे आपल्याला गाडीत बसून न करता येणारा हिशेब कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो. दुसऱ्या मोटारीचा चालक बेजबाबदार होता असे म्हणता येत नाही. तो सावध होता, त्याने वेळेवर ब्रेक दाबला, आणि तरीही मूल वाचले नसते किंवा कायमचे जायबंदी झाले असते.

स्वतःच्या कौशल्याबद्दलचा आपला अंदाजही विश्वासार्ह नसतो. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने 1981 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी 93 टक्क्यांनी आणि स्वीडिश सहभागींपैकी 69 टक्क्यांनी आपल्या कौशल्याला गटातल्या वरच्या अर्ध्या भागात बसवले. सगळे वरच्या अर्ध्यात मावत नाहीत. त्यातून रस्ता हा फार वाईट शिक्षक आहे. घाटात वळणावर ओव्हरटेक केले आणि समोरून कुणी आले नाही, तर आपण चुकलो हे माणसाला कळत नाही. उलट आपल्याला जमते असे तो शिकतो. शंभर वेळा असे शिकल्यावर एकदा समोरून एसटी येते.

कायद्याने नेमके किती साधते, याचा स्वच्छ पुरावा ब्रिटनमध्ये आहे. 1970च्या दशकात तिथे सीटबेल्टसाठी टीव्हीवरून वर्षानुवर्षे प्रचार झाला. बेल्टने जीव वाचतो हे सर्वांना माहीत झाले होते, बेल्ट गाडीत बसवलेले होते, लावायला दोन सेकंद लागत होते, आणि न लावल्याचा तोटा लावणाऱ्याचाच होता. वैयक्तिक जबाबदारीला याहून सोपी परीक्षा असू शकत नाही. तरी पुढच्या आसनांवरचे चाळीस टक्क्यांच्या आसपासच लोक बेल्ट लावत. 31 जानेवारी 1983 रोजी सक्ती लागू झाली, आणि प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले. माणसे, गाड्या, माहिती सगळे तेच होते. त्यातल्या अनेकांना बेल्ट लावायचाच होता, फक्त रोज सकाळी घाईत तो निर्णय नव्याने घ्यायचा नव्हता.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मांडले होते की सुरक्षित वाटले की माणूस जास्त बेफिकीर चालवतो, त्यामुळे फायदा वाया जातो. ही शंका उपयोगी होती. पुढच्या अभ्यासांत मात्र बेल्टचा फायदा खाऊन टाकण्याइतकी बेफिकिरी आढळली नाही.

आता पुण्याकडे, कारण हा वाद मराठीत सर्वांत जोरात झाला तो हेल्मेटवरून. 2019च्या जानेवारीत पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हा शहरात हेल्मेटसक्तीविरोधात मोर्चे निघाले. डोके आमचे, जबाबदारी आमची, हा त्यातला मुख्य सूर. तत्त्वाच्या कसोटीवर हा आक्षेप वेगमर्यादेवरच्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे हे मी मान्य करतो. वेगाने दुसरा मरतो, हेल्मेट न घातल्याने स्वतःच. कायद्यानेही श्रद्धेला जागा ठेवली आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये पगडीधारी शिखांना सूट आहे. मग बाकीच्यांनी सक्ती का मानावी?

शहरात वेगच कमी असतो, हा नेहमीचा युक्तिवाद आधी पाहू. गाडी अगदी उभी आहे असे धरा. दुचाकीवर बसलेल्याचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून तोल जाऊन डोके थेट खाली आदळले, तर ते जमिनीला ताशी जवळपास 20 किलोमीटर वेगाने लागते. गाडीचा वेग यात धरलेलाच नाही. लक्ष्मी रस्त्यावर रांगत जाणाऱ्या गाडीवरून पडतानाही गुरुत्वाकर्षण आपले काम पूर्ण करते, आणि खाली दुभाजकाची कड किंवा ड्रेनेजचे झाकण असते. हेल्मेटने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित उत्तर आहे.

आणि डोके एकट्याचे क्वचितच असते. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा मृत्यू झाला. त्यातले 14,337 जण मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातात नव्हती. बायको, आई, कॉलेजातली मैत्रीण, शाळेत सोडायला निघालेले मूल. पुढच्याने 'मला नको' म्हटले की मागच्यालाही हेल्मेट मिळत नाही, कारण घरात दुसरे घेतलेलेच नसते. डोक्याला मार लागलेला माणूस वाचला, तर त्याला आंघोळ कोण घालणार, त्याच्या औषधांसाठी कुणाचे दागिने मोडणार, हे निर्णयही त्याने एकट्याने घेतलेले नसतात. म्हणून मी सक्तीच्या बाजूने आहे, आणि मागच्या आसनासाठी तर जास्तच.

मोर्चेवाल्यांची एक तक्रार मात्र रास्त होती. हेल्मेट पकडणे सोपे असते, म्हणून तेच पकडले जाते. खड्डा, पुसलेले झेब्रा क्रॉसिंग, दुकानांनी गिळलेला पदपथ, अंधारातला विनारंगाचा दुभाजक यांना कुणी पावती देत नाही. जबाबदारीचा विचार अर्धवट राहतो तो इथे. सरकार नागरिकाला जबाबदार राहा म्हणते, नागरिक सरकारला सक्ती करू नका म्हणतो, आणि रस्ता बांधणारा दोघांच्या नजरेतून सुटतो.

स्वीडनने 1997 मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारले, ते याच मुद्द्यावर बोट ठेवून. माणूस चुकणारच, तेव्हा त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची रचना करण्याचे अंतिम दायित्व यंत्रणेचे, असे त्या देशाने मान्य केले. चालकाने नियम पाळायचे; नियम पाळूनही माणसे मरत असतील, तर रस्ता बदलायचा. आपल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने याची चुणूक दाखवली आहे. 2016 मध्ये तिथे 151 माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या वर्षी राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून प्रत्येक जीवघेण्या जागेचा अभ्यास सुरू केला. कडेला उभे राहणारे ट्रक हटवणे, उघड्या कठड्यांसमोर धातूचे अडथळे बसवणे, वेगावर कारवाई, रुग्णवाहिका लवकर पोहोचवणे अशी ती साधी कामे. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. कडेच्या पट्टीत रात्री विनादिव्याचा ट्रक उभा असेल, तर ताशी 80ने शिस्तीत येणारा चालकही वाचत नाही. तिथे चालकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्या कुणाची तरी सुरू होते.

हा दुसरा कुणीतरी आता कायद्यात आहे. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढायला हवी. पण कलम आहे, आणि ते चालकांच्या दंडाइतके वापरले जात नाही. 2022 मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर 15,224 माणसे गेली. आपल्या गावातल्या ज्या वळणावर माणसे मरतात ते वळण आपल्याला माहीत असते. हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चा काढणाऱ्यांनी आणि सक्तीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी एकत्र येऊन त्या वळणाचे फोटो काढावेत, पालिकेला आणि बांधकाम खात्याला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि पुढचा अपघात तिथेच झाला तर ती पोच पोलिसांसमोर ठेवून कलम 198-अ लावायला सांगावे.